गुडघ्याची कूर्चा प्रयोगशाळेत कशी वाढवतात, आणि काम कुठे अडतं

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात गुडघा घेऊन दवाखान्यात येणारी माणसं ढोबळमानाने दोन प्रकारची. एक म्हणजे विशी-तिशीतला पैलवान किंवा कबड्डीपटू. डाव चुकला, गुडघा एकदाच जोरात पिळला, सांध्यातल्या कूर्चेचा रुपयाच्या नाण्याएवढा तुकडा उडाला. बाकी सांधा धड आहे. दुसरी म्हणजे पन्नाशी ओलांडलेली माणसं. वर्षानुवर्षं उसाच्या फडात वाकून मोळ्या बांधल्या, मांडी घालून विड्या वळल्या, उद्यमबागेतल्या फौंड्रीत उकिडवं बसून साचे भरले, आणि आता सगळा गुडघाच झिजलाय. दोघांच्याही मोबाइलवर जाहिरात मात्र एकच येते: स्टेम सेल टोचून घ्या, गादी परत येईल.

मूलपेशींपासून, म्हणजे स्टेम सेलपासून, प्रयोगशाळेत कूर्चा वाढवता येते, हे खरं आहे. पेशीला कूर्चापेशी व्हायला लावणं तर आता बऱ्यापैकी जमलंय. अवघड आहे ते पुढचं: तिला कूर्चापेशीच राहू देणं, तिच्याकडून मजबूत धागा विणून घेणं आणि तयार झालेला तुकडा जुन्या कूर्चेला सांधणं.

कूर्चेची घडण

हाडांच्या टोकांवरचा पांढरा, गुळगुळीत थर म्हणजे सांध्याची कूर्चा. गुडघ्यात तिची जाडी साधारण २ ते ४ मिलिमीटर असते, वाटीमागे त्याहून जास्त. (दवाखान्यात ‘गादी’ म्हणतात ती कधी ही कूर्चा असते, तर कधी दोन हाडांमधली चंद्रकोरीच्या आकाराची मेनिस्कस. दोन्हींचे उपचार वेगळे आहेत. एमआरआयचा रिपोर्ट पुढे ठेवून यातली कुठली बिघडली आहे ते डॉक्टरांना आधी विचारा.)

कूर्चेच्या वजनात ६५ ते ८० टक्के पाणी असतं. उरलेल्यात मुख्य घटक दोन: टाइप-२ कोलॅजनचे धागे आणि अ‍ॅग्रिकन नावाचा प्रचंड मोठा रेणू. अ‍ॅग्रिकनवर ऋण विद्युतभार दाटीवाटीने असतो, त्यामुळे तो पाणी ओढून घेतो आणि फुगू पाहतो. कोलॅजनची जाळी त्याला फुगू देत नाही. या ओढाताणीतूनच कूर्चेला दाब सोसायची ताकद येते. कापूस ठासून भरलेली, घट्ट खोळीची गादी बसल्यावर आपल्याला उचलून धरते. कापूस तेवढाच पण खोळ सैल असेल तर ढुंगणाला जमीन लागते. प्रयोगशाळेतल्या कूर्चेचं दुखणं बरंचसं या सैल खोळीचं आहे.

पेशी फारच थोड्या, आकारमानाच्या जेमतेम १ ते ५ टक्के. रक्तवाहिनी नाही, मज्जातंतू नाही. पेशींना अन्न मिळतं ते सांध्यातल्या वंगणातून झिरपत. म्हणून कूर्चेला इजा झाली तर रक्त येत नाही, गुठळी होत नाही आणि दुरुस्तीला लागणाऱ्या पेशीही तिथे पोहोचत नाहीत. कूर्चा एकदा नष्ट झाली की परत येत नाही, हे विल्यम हंटर यांनी लंडनमध्ये १७४३ सालीच लिहून ठेवलं होतं. हाडाला बारीक भोकं पाडून आतला मगज (मऊ गर) वर आणायची शस्त्रक्रिया, म्हणजे मायक्रोफ्रॅक्चर, आजही होते. पण तिथे भरून येते ती टाइप-१ कोलॅजनची तंतुमय कूर्चा, एका अर्थी व्रणच. पहिली दोन-तीन वर्षं आराम पडतो, पुढे अनेकांत तो भाग ढासळतो.

पेशी किती लागतात, याचा हिशोब

कूर्चा, हाड आणि चरबी या तिन्हींच्या पेशी बनू शकणाऱ्या मूलपेशी हाडाच्या मगजात असतात. कमरेच्या हाडाच्या मागच्या उंचवट्यातून जाड सुईने साधारण २० मिलिलिटर मगज काढतात. एकाच जागेवरून दोन-चार मिलिलिटरपेक्षा जास्त ओढलं की मगजापेक्षा रक्तच जास्त येतं, म्हणून सुई थोडी थोडी सरकवावी लागते. गोठू नये म्हणून सिरिंजमध्ये आधीच हेपॅरिन घेतलेलं असतं. पुढे १.०७७ घनतेच्या फायकॉल द्रावणावर हा मगज अलगद सोडून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात. ब्रेक बंद ठेवायचा, नाहीतर थर ढवळून निघतात. मधला धुरकट पट्टा पिपेटने उचलून घेतला की त्यात हव्या त्या पेशी सापडतात. त्या फ्लास्कमध्ये ३७ अंश सेल्सिअस आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये ठेवतात. दोन-तीन दिवसांत मूलपेशी प्लास्टिकला चिकटतात, बाकीच्या धुऊन टाकायच्या.

आता आकडेमोड. ४ चौरस सेंटिमीटरचा, अडीच मिलिमीटर खोल खड्डा भरायचा तर १ घन सेंटिमीटर ऊती लागते. एका मिलिलिटरमागे २ कोटी पेशी धरल्या तर लागणार २ कोटी. मगजातल्या या गटातल्या १० हजार ते १ लाख पेशींमागे मूलपेशी एखादीच असते. २० मिलिलिटरमधून अशा २० कोटी पेशी मिळाल्या असं धरलं, तर हातात मूलपेशी येतात २ हजार ते २० हजार. २० हजारांपासून २ कोटींपर्यंत जायला पेशींना सुमारे १० वेळा दुप्पट व्हावं लागतं, २ हजारांपासून सुमारे १३ वेळा. म्हणजे तीन ते पाच आठवडे आणि अखेरीस १७५ चौरस सेंटिमीटरचे दहा ते वीस फ्लास्क.

या वाढीत दोन गोष्टी बिघडतात. पहिली, पेशी म्हाताऱ्या होतात. तिसऱ्या-चौथ्या पॅसेजनंतर (भरलेल्या फ्लास्कमधून पेशी उचलून नव्या फ्लास्कमध्ये पसरणं म्हणजे एक पॅसेज) त्या पसरट, मोठ्या दिसू लागतात आणि कूर्चा बनवायची त्यांची क्षमता घसरते. एफजीएफ-२ हा वाढघटक मिलिलिटरला १ ते ५ नॅनोग्रॅम घातला तर ती बरीच टिकते. फ्लास्कचा तळ ७०-८० टक्के भरला की पेशी उचलायच्या. पूर्ण भरू दिला तर पुढचं सगळं बिघडतं. दुसरी गोष्ट म्हणजे जंतुसंसर्ग. पेशींचं पोषक द्रावण बदलायला दर दोन-तीन दिवसांनी फ्लास्क उघडावा लागतो आणि प्रत्येक उघडणं धोक्याचं असतं. आपल्याकडच्या पावसाळ्यात, विशेषतः खानापूरच्या बाजूला, हवेत बुरशीचे बीजाणू भरपूर असतात. पुठ्ठ्याची खोकी पेशींच्या खोलीत न्यायचीच नाहीत आणि इन्क्यूबेटरमधल्या पाण्याचा ट्रे दर आठवड्याला निर्जंतुक करायचा, हे दोन नियम पाळले तरी खूप वाचतं. बुरशी निदान डोळ्यांना दिसते. मायकोप्लाझ्मा नावाचे अतिसूक्ष्म जीवाणू झाले तर दिसतही नाही आणि द्रावण गढूळही होत नाही, पेशी मात्र आतून बदलतात. त्यासाठी ठरावीक अंतराने पीसीआर चाचणी करावीच लागते.

एवढं झाल्यावर या पेशी मूलपेशीच आहेत ना, हे तपासतात. २००६ साली ठरलेले आंतरराष्ट्रीय निकष असे: प्लास्टिकला चिकटणं, पृष्ठभागावर सीडी-७३, सीडी-९० आणि सीडी-१०५ ही ओळखीची प्रथिनं असणं आणि रक्तपेशींच्या खुणा नसणं, आणि प्रयोगात हाड, चरबी व कूर्चा अशा तिन्ही वाटांनी जाऊन दाखवणं.

पेशींचा गोळा

सपाट फ्लास्कमध्ये मूलपेशींची नीट कूर्चा होत नाही. गर्भात कूर्चा बनण्याआधी पेशी एकमेकींना बिलगून दाट गोळा करतात, तीच अवस्था इथे तयार करावी लागते. ही पद्धत १९९८ साली प्रसिद्ध झाली आणि आजही जगभर बहुतेक प्रयोगांचा पाया तीच आहे.

१५ मिलिलिटरच्या निमुळत्या नळीत अडीच लाख पेशी घ्यायच्या. नळी पॉलिप्रॉपिलीनची हवी. ज्या प्लास्टिकला पेशी चिकटतात ते घेतलं तर गोळ्याऐवजी भिंतीवर पापुद्रा तयार होतो. सेंट्रिफ्यूजमध्ये ५०० जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ५०० पट जोराने, ५ मिनिटं फिरवलं की पेशी तळाशी बसतात. झाकण अर्धा आटा सैल ठेवून नळी उभी इन्क्यूबेटरमध्ये ठेवायची. घट्ट लावलं तर कार्बन डायऑक्साइड आत जात नाही आणि द्रावणाची आम्लता बिघडते. पहिले २४ तास नळीला हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी तळाचा चपटा थर आक्रसून त्याचा गोल मणी होतो आणि तो सुटा होतो. नाहीच सुटला तर नळीला हलकी टिचकी मारतात.

द्रावणात सीरम (रक्तातला पेशीविरहित द्रव) घालायचं नाही, कारण त्याने पेशी कूर्चेच्या वाटेवरून ढळतात. लिटरला साडेचार ग्रॅम ग्लुकोज असलेलं डीएमईएम हे तयार पोषक द्रावण घ्यायचं. त्यात इन्शुलिन-ट्रान्सफेरिन-सेलेनियमचं तयार मिश्रण १ टक्का, डेक्सामेथासोन १०० नॅनोमोलर, प्रोलिन मिलिलिटरला ४० मायक्रोग्रॅम, सोडियम पायरुव्हेट १ मिलिमोलर आणि क जीवनसत्त्वाचा फॉस्फेट प्रकार मिलिलिटरला ५० मायक्रोग्रॅम. साधं क जीवनसत्त्व ३७ अंशांवर काही तासांत निकामी होतं, आणि त्याच्याशिवाय कोलॅजनचे धागे पक्के वळत नाहीत. म्हणून फॉस्फेट प्रकार. शेवटी सगळ्यात महाग आणि सगळ्यात महत्त्वाचा घटक, टीजीएफ-बीटा-१ किंवा ३ हा वाढघटक, मिलिलिटरला १० नॅनोग्रॅम. हा अगदी कमी प्रमाणात असला की प्लास्टिकलाच चिकटून संपतो. म्हणून मूळ साठा सौम्य आम्लात अल्ब्युमिनसोबत बनवून छोट्या भागांत गोठवतात, आणि एकदा वितळवलेला भाग पुन्हा गोठवत नाहीत. गोळा झाला, पण तीन आठवड्यांनी त्यात कूर्चाच नाही, असं दिसलं तर पहिला संशय या बाटलीवर घ्यावा.

दर दोन-तीन दिवसांनी द्रावण बदलायचं, २१ ते २८ दिवस. बदलताना पिपेटचं टोक मण्यापासून लांब ठेवायचं. महिनाभराची मेहनत द्रावणासोबत ओढली जाऊन कचऱ्याच्या बाटलीत जाणं हा या कामातला सर्वांत नेहमीचा अपघात आहे.

शेवटी हाती येतो १ ते २ मिलिमीटरचा पांढरा, चकचकीत मणी. त्याचे पातळ काप काढून सॅफ्रॅनिन-ओ रंग लावतात. अ‍ॅग्रिकन असेल तिथे नारिंगी-लाल रंग चढतो. काठ लाल आणि मध्य फिका दिसला तर अन्न-ऑक्सिजन आतपर्यंत पोहोचलं नाही, मधल्या पेशी मेल्या. सगळाच फिका आणि धागेदार दिसला तर तंतुमय ऊती झाली. मात्र रंगावर थांबून चालत नाही. टाइप-१, टाइप-२ आणि टाइप-१० अशा तिन्ही कोलॅजनची प्रतिपिंडांनी वेगवेगळी तपासणी हवी. नुसत्या लाल रंगाचा फोटो दाखवून कूर्चा तयार झाली म्हणणाऱ्यांकडे या तिघांचे निकाल मागावेत.

पेशी पुढच्या वाटेला लागते

यातली टाइप-१० ची तपासणी सगळ्यात महत्त्वाची. मगजातल्या मूलपेशींना शरीरात ज्या कामाची सवय आहे ते काम हाड जोडण्याचं. हाड मोडलं की तुटलेल्या जागी आधी कूर्चा तयार होते, तिच्या पेशी फुगतात, भोवती चुना साठतो, रक्तवाहिन्या शिरतात आणि तिथे हाड होतं. कूर्चा हा त्या पेशींसाठी वाटेतला थांबा आहे. सांध्यातली कूर्चापेशी मात्र आयुष्यभर त्या थांब्यावरच राहते.

प्रयोगशाळेतही तेच होतं. टीजीएफ-बीटा मिळाल्यावर सॉक्स-९ हे कूर्चेचं मुख्य जनुक चालू होतं, टाइप-२ कोलॅजन आणि अ‍ॅग्रिकन तयार होऊ लागतं. पण त्याच सुमारास, कधी पहिल्या आठवड्यातच, टाइप-१० कोलॅजन, एमएमपी-१३ हे कोलॅजन तोडणारं विकर आणि अल्कलाइन फॉस्फेटेजही दिसू लागतात. या तिन्ही पेशी फुगत चालल्याच्या खुणा. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे मणी उंदरांच्या त्वचेखाली ठेवले, तर मूलपेशींच्या मण्यांत चुना साठला आणि रक्तवाहिन्या शिरल्या. सांध्यातल्या खऱ्या कूर्चापेशींचे मणी कूर्चाच राहिले. काचेच्या भांड्यात दोन्ही जवळपास सारखेच दिसत होते. गुडघ्यात हा प्रकार झाला तर ज्या जागी मऊ थर हवा तिथे हाडाचा उंचवटा येईल, आणि तो समोरची चांगली कूर्चाही घासून काढेल.

यावर उपाय शोधण्यात जगभरच्या प्रयोगशाळा गुंतल्या आहेत. ऑक्सिजन २ ते ५ टक्क्यांवर ठेवतात, कारण सांध्यातही तो कमीच असतो. फुगणं रोखणारं पीटीएचआरपी हे प्रथिन देऊन पाहतात. मूलपेशींसोबत थोड्या खऱ्या कूर्चापेशी मिसळतात. मगजाऐवजी सांध्याच्या आतल्या अस्तरातून मूलपेशी घेतात. स्वित्झर्लंडमधल्या बाझेल इथल्या गटाने तर मूलपेशींचा रस्ता सोडून नाकाच्या पडद्यातल्या कूर्चापेशी घेतल्या, त्यांच्यापासून ऊती वाढवली आणि १० रुग्णांच्या गुडघ्यांत बसवली. तो अहवाल २०१६ साली आला. जपानमध्ये क्योटोत आयपीएस पेशींपासून, म्हणजे साध्या पेशींना पुन्हा मूळावस्थेत नेऊन, कूर्चा बनवायचं काम चालू आहे. तिथे एखादी न बदललेली पेशी मागे राहिली तर गाठ होण्याचा धोका असतो, म्हणून चाळणी फार कडक लागते. ‘फुगणं’ पूर्ण थांबवणारी, सर्वमान्य कृती अजून नाही.

मण्यापासून तुकड्यापर्यंत

दीड मिलिमीटर व्यासाच्या मण्यांनी १ घन सेंटिमीटर भरायचा तर साडेपाचशेहून जास्त मणी लागतील, म्हणजे सुमारे १४ कोटी पेशी. म्हणून मणी मुख्यतः चाचणीसाठी. तुकडा करायचा तर पेशींना आधाराचा साचा लागतो: कोलॅजन, हायलुरॉनिक आम्ल, फायब्रिन, अल्जिनेट किंवा शरीरात विरघळणारं पॉलिमर. यातलं प्रत्येक चालतं आणि प्रत्येकात उणीव आहे. त्याचा तपशील इथे लांबवत नाही.

जास्त महत्त्वाचा आहे दाब. सांधा हलतो-दबतो म्हणून कूर्चा घडते. बायोरिअ‍ॅक्टरमध्ये, म्हणजे ऊती वाढवायच्या यंत्रात, तुकडा सेकंदाला एकदा, जाडीच्या साधारण १० टक्के, रोज तास-दीड तास दाबतात. घाई मात्र नडते. पेशींनी स्वतःभोवती थोडं तरी जाळं विणण्याआधी दाब सुरू केला तर मूलपेशींच्या तुकड्यात कूर्चा उलट कमी होते.

एवढं करूनही अ‍ॅग्रिकन काही आठवड्यांत खऱ्या कूर्चेच्या जवळ पोहोचतं, कोलॅजन मात्र मागेच राहतं आणि त्याचे धागे एकमेकांना पुरेसे बांधलेही जात नाहीत. हीच ती सैल खोळ. शिवाय खऱ्या कूर्चेत धागे वरच्या थरात आडवे, मधे तिरपे आणि खाली उभे हाडात रुतलेले असतात. भांड्यातल्या तुकड्यात ही रचना आपोआप येत नाही.

शेवटचा अडसर जोडाचा. जुन्या कूर्चेच्या कापलेल्या कडेला पेशी थोड्या असतात, आणि त्यातल्याही काही कापताना मरतात. भोवतीचं जाळं इतकं दाट की नव्या पेशी आत शिरू शकत नाहीत. म्हणून तुकडा छान वाढला तरी कडेला फट राहते आणि वजन आलं की तो तिथून सुटू लागतो. शस्त्रक्रियेत खड्ड्याची कड धारदार आणि उभी कापतात ती याचसाठी.

आज हातात काय आहे

रुग्णाच्याच कूर्चेचा छोटा तुकडा दुर्बिणीने काढून, त्यातल्या पेशी काही आठवडे वाढवून परत बसवायची पद्धत स्वीडनमधून १९९४ साली पुढे आली. अमेरिकेत पेशी कोलॅजनच्या पडद्यावर वाढवून बसवण्याला २०१६ मध्ये मान्यता मिळाली. भारतात मुंबईच्या रीग्रो बायोसायन्सेसच्या कूर्चापेशींच्या उत्पादनाला २०१७ मध्ये औषध नियंत्रकांची परवानगी मिळाली. हे उपचार मूलपेशींचे नव्हेत, रुग्णाच्या स्वतःच्या कूर्चापेशींचे आहेत. ते त्या पहिल्या माणसासाठी, म्हणजे तरुण वय, एकच खड्डा आणि सरळ पाय असलेल्यासाठी. पाय वाकडा असेल किंवा लिगामेंट तुटलेलं असेल तर आधी किंवा सोबत ते दुरुस्त करावं लागतं, नाहीतर नवी कूर्चाही तशीच झिजते. शस्त्रक्रियेनंतर सहा ते आठ आठवडे कुबड्या, आणि कुस्तीसारखा खेळ वर्षभर तरी बंद. पैलवानाने आणि त्याच्या वस्तादांनी हे आधीच मान्य केलं असेल तरच यात पडावं.

दुसऱ्या माणसासाठी, सगळा गुडघा झिजलेल्यासाठी, बंगळूरच्या स्टेम्प्युटिक्स कंपनीच्या मूलपेशींच्या इंजेक्शनला २०२२ मध्ये परवानगी मिळाली. दात्यांच्या मगजातून वाढवलेल्या २.५ कोटी पेशी सांध्यात सोडतात, तेही झीज चारपैकी दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवर असेल तर. हा वेदना आणि सूज कमी करण्याच्या दिशेचा उपचार आहे. वर सांगितलेली, महिनाभर वाढवलेली कूर्चा या सिरिंजमध्ये नसते. हाडाला हाड घासू लागलं असेल, म्हणजे चौथी पायरी, तर आज भरवशाचा मार्ग सांधा बदलण्याचा.

म्हणून बेळगावात असो, मिरजेत, कोल्हापुरात की हुबळीत, ‘स्टेम सेल’ म्हणून कुणी काही सुचवलं तर पुढचं विचारून घ्यावं. पेशी कुठल्या: माझ्या मगजातल्या, पोटाच्या चरबीतल्या की दात्याच्या? त्या वाढवल्या आहेत, की त्याच दिवशी काढून त्याच दिवशी टोचणार? दुसरा प्रकार असेल तर वरची आकडेमोड आठवा. पेशी मगजातल्या असतील तर त्यात मूलपेशी हजारांतच असतात. उत्पादनाला औषध नियंत्रकांची परवानगी आहे का, आणि ती माझ्याच आजारासाठी आहे का? नसेल, तर ही नोंदवलेली क्लिनिकल ट्रायल आहे का? असेल तर तिचा सीटीआरआय, म्हणजे भारतातल्या क्लिनिकल ट्रायल्सच्या नोंदवहीतला, क्रमांक मागा. सीटीआरआयच्या संकेतस्थळावर तो कुणालाही पडताळता येतो. २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार मान्यता नसलेला मूलपेशींचा वापर फक्त ट्रायलमध्येच करता येतो, आणि चाचणी चालू असलेल्या उत्पादनाचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नसतात.

संमतीपत्राचंही पाहा. ट्रायलमध्ये भाग घेणाऱ्याला कळेल अशा भाषेत माहितीपत्रक देणं नियमाने बंधनकारक आहे. आपल्या भागात छापील कागद बहुधा कन्नड किंवा इंग्रजीत असतो. ज्यांना मराठीच वाचता येतं त्यांनी मराठी प्रत मागावी, घरी न्यावी, घरच्यांसोबत वाचावी, आणि सही त्यानंतरच करावी.